दीडशे म्हणजे काय?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"तू शिक्षिका आहेस, काहीतरी बोल," असा हुकूम झाला आहे. पंचवीस वर्षे प्राथमिकच्या वर्गावर असल्यामुळे मी गुणाकारावर बोलणार. शेवटच्या बाकावरच्यांनी घाबरू नये, उभे करणार नाही.

गुणाकार म्हणजे पुन्हा पुन्हा बेरीज, असे आपण लहान मुलांना शिकवतो. तेही बरोबरच, सुरुवात तिथूनच करावी लागते. पण त्यातून 'गुणले की वाढते' ही समजूत पक्की बसते. पुढे १२ गुणिले १/२ आले की मूल ६ लिहिते आणि "गुणून कमी कसे होईल?" म्हणत बरोबर उत्तर खोडून टाकते. त्याचेही खरे आहे. अर्ध्या वेळा बेरीज करायची तरी कशी?

आपल्या भाषेत याची सोय आहे. 'तीन वेळा' वेगळे आणि 'तिप्पट' वेगळे. वेळा मोजायच्या असतात. पटीत वस्तू एकच, ती ताणली जाते किंवा आक्रसते. मी वर्गात इलॅस्टिकच्या पट्टीवर खुणा करून देते. शून्याची खूण दाबून धरायची आणि ताणायचे. दोनची खूण चारवर गेली की तीनची आपोआप सहावर जाते.

आणि दीडशे? शंभराची दीडपट. पाऊणशे शंभराहून कमी, त्याचे कुणालाच नवल वाटत नाही. आपल्या आजोबांना तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ असायची. औट म्हणजे साडेतीन. घटका २४ मिनिटांची, म्हणजे औट घटकेचे राज्य ८४ मिनिटांचे! १ एप्रिल १९५७ पासून सोळा आण्यांच्या रुपयाचे १०० नवे पैसे झाले, मग वजने-मापेही दशमान झाली आणि या पाढ्यांचे बाजारातले बरेचसे काम संपले. पाठांतर गेल्याचे मला फारसे दुःख नाही. पण पाऊणने गुणले की कमी होते, हे त्या मुलांच्या जिभेवरच असे. ते गेले, ते मात्र खटकते.

आपण तर ओझरचे. मिगचा कारखाना १९६४ चा, आपल्यापैकी कितीतरी जणांचे वडील तिथे. यंत्राच्या ड्रॉइंगवर स्केल लिहिलेले असते: १:१० म्हणजे कागदावर दशांश, ५:१ म्हणजे बारीकसा भाग पाचपट मोठा. आकृतीतल्या प्रत्येक लांबीला पट एकच.

मघाशी आपला ग्रुप फोटो झाला. समजा तो ६ इंच रुंद, ४ इंच उंच आहे आणि स्मरणिकेत रुंदी ३ इंचच मिळणार आहे. उंची किती ठेवायची? बरीच मुले दोन्हींतून तीन वजा करतात. मग उंची उरते १ इंच, आणि आपण सगळे पापडासारखे चपटे! निमपट केली तर ३ बाय २, चेहरे शाबूत. आता कागद किती लागला? निम्मा म्हणाल, पण लागतो पाव. इथे पाचवीची मुले अडतात, आणि पालकही.

एक विनंती. ज्या गुरुजनांना औटकी अजून येते, त्यांनी जेवणाआधी मला जरूर भेटावे. वही आणली आहे. सतरा औटे साडेएकोणसाठ, तिथवर मला येते, पुढचे उतरवून घ्यायचे आहे.