मिलिटरीचा ट्रेलर आणि आपला हिशेब

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दर बैठकीत आपण भावाबद्दल बोलतो. आज मी चाकाबद्दल बोलणार आहे.

१९७२ साली महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. कापूस पिकवायचा आपण आणि तो कुठे घालायचा हे ठरवायचे सरकारने. ते बंधन आता राहिलेले नाही. कापूस कुठेही न्या, कोणालाही विका. पण न्यायचा कशात? ज्याच्या दारात गाडी नाही, त्याचा मोकळा बाजार त्याच्या उंबऱ्यापाशीच संपतो. व्यापारी टेम्पो घेऊन येतो, त्याचाच काटा, त्याचाच भाव. ‘ओला आहे’ म्हणतो आणि किलो दोन किलो कापतो. आपण मान डोलावतो, कारण टेम्पो त्याचा असतो.

म्हणून आम्ही पाच घरांनी मिळून ठरवले की आपले चाक घ्यायचे. नवी ट्रॉली परवडेना. कोणीतरी सांगितले, नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, एका भंगारवाल्याकडे मिलिटरीच्या लिलावातला एक टनी ट्रेलर आहे. दोन चाकी, जाड पत्र्याचा, हिरव्या रंगाचा. पाहिला आणि सगळेच हरखले. मिलिटरीचा माल म्हणजे मजबूत! बेचाळीस हजारांना सौदा झाला आणि आम्ही स्वतःला फार हुशार समजलो.

मी शेतकीचा पदवीधर. कपाशीवरची बोंडअळी मला लांबून ओळखता येते. चाकातले बेअरिंग मात्र मी उघडूनही पाहिले नाही.

मिलिटरीच्या ट्रेलरच्या दांडीला पुढे जाड गोल कडी असते. ती त्यांच्या ट्रकच्या मागच्या जबड्यासारख्या हुकात अडकते. आपल्या ट्रॅक्टरला असते पिन. कडीचे भोक मोठे, पिन बारीक. चालताना आदळआपट सुरू. दिव्यांचेही तसेच. त्यांचे बल्ब चोवीस व्होल्टचे, आपली बॅटरी बारा व्होल्टची. दिवा लागतो, पण काजव्यासारखा. आणि ब्रेक? हाताचा ब्रेक होता, तो गंजलेला. चालत्या गाडीचा ब्रेक ट्रॅक्टरला जोडायची सोयच नव्हती.

एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होते. पण रिकामा ट्रेलर कशाला न्यायचा म्हणून त्याच भंगारवाल्याकडून जाळीसाठी आणि गोठ्यासाठी जुने अँगल घेतले. आठ क्विंटल लोखंड भरले आणि गेवराईकडे निघालो. शंभरावर किलोमीटरची वाट.

करंजी घाट उतरताना ट्रॅक्टर वरच्या गिअरमध्ये होता. वेग वाढला तसा आमच्या सोबत्याने क्लच दाबला. क्लच दाबला की इंजिनचा अटकाव जातो. मागचे ओझे पुढच्याला ढकलू लागले, ट्रेलर आडवा झाला आणि कडी पिनेवरून निसटते की काय असे झाले. त्याने स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला वळवले, चाके चरात गेली आणि गाडी थांबली. दरीच्या बाजूला वळले असते तर आज या बैठकीत दोन माणसे कमी असती. त्यातला एक मी.

पुढे तिसगाव सोडल्यावर डाव्या चाकाचे बेअरिंग जळाले. ग्रीस वाळून खडखडीत झाले होते. रात्र रस्त्याच्या कडेला काढली. दुसऱ्या दिवशी घरी पोचलो.

यात भंगारवाल्याचा दोष नाही. त्याने ‘जसे आहे तसे’ म्हणून विकले होते. दोष आमचा. म्हणून तुम्हाला चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट कागदाची. सैन्याच्या गाडीवर वर टोक केलेला बाण आणि नंबर असतो. बाणानंतरचे दोन आकडे म्हणजे ती गाडी सैन्यात आल्याचे साल. तो नंबर आणि लिलावाच्या कागदावरचा नंबर जुळतो का ते पाहा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० प्रमाणे सैन्याच्या गाड्यांची नोंदणी वेगळी असते. सैन्याच्या वापरातून गाडी बाहेर पडली की तुमच्या-माझ्या गाडीसारखी तिची नोंदणी करावी लागते. ट्रेलरही त्या कायद्यात वाहनच आहे. लिलावात माल मोडीत काढण्यासाठी विकला होता की चालवण्यासाठी, हे कागदावर वाचा. मोडीचा माल स्वस्त मिळतो, पण तो रस्त्यावर आणण्यासाठी विकलेला नसतो. नोंदणी नाही, विमा नाही, आणि कोणाला धडक बसली तर भरपाईपोटी जमीन विकायची पाळी येते.

दुसरी गोष्ट चाकाची. जॅक लावून चाक उचला, हाताने फिरवा. खरखर आली तर बेअरिंग गेले. वरून-खालून धरून हलवा, खेळ लागला तर खोला. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१४ असेल तर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कोरी दिसली तरी उन्हात वर्षानुवर्षे उभा राहिलेला टायर बाजूने चिरतो. वाटेत दर पंधरा-वीस किलोमीटरला थांबून चाकाच्या तुंब्याला हात लावा. हात ठेववत नसेल तर पुढे जाऊ नका.

तिसरी गोष्ट जोडणीची. कडीच्या मापाची पिन किंवा हूक घरून करून न्या. दांडीखालून साखळी बांधा. मागे लाल परावर्तक लावा. ट्रेलर रिकामाच आणा. घाटाच्या माथ्यावरच खालचा गिअर टाका आणि उतारावर क्लचला पाय लावू नका.

चौथी आणि मोठी गोष्ट हिशेबाची. बेचाळीस हजारांचा ट्रेलर. टायर-ट्यूबचे १५,०००. बेअरिंग, सील, ग्रीस २,८००. ब्रेक ६,०००. हूक आणि वेल्डिंग ३,५००. डिझेल आणि जेवणखाण ४,२००. कापूस वजनाने हलका पण जागा खाणारा, म्हणून उंच जाळी, १४,०००. झाले ८७,५००. यात तीन माणसांचे दोन दिवस आणि ट्रॅक्टरचे दोन दिवसांचे भाडे धरा, ११,०००. लाखाला टेकले!

आम्ही गावात सांगत काय होतो? ‘बेचाळीस हजारात आणला.’

भावांनो, २०१८ च्या अंदाजपत्रकात दीडपट हमीभावाची घोषणा झाली. त्या खर्चात घरच्यांची मजुरी धरली, पण स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज वगळले. आपण सरकारला म्हणतो, हिशेब अर्धा आहे. मग आपल्याच ट्रेलरचा हिशेब आपण अर्धा का लिहितो? जो स्वतःची मजुरी धरत नाही, त्याची मजुरी दुसरा कशाला धरील?

समजा पाच घरांचा मिळून दीडशे क्विंटल कापूस. डिझेल वजा जाता क्विंटलमागे दोनशे रुपये जास्त पडले, तर वर्षाला तीस हजार. अर्ध्या हिशेबाने ट्रेलर दीड वर्षात फिटतो, पुऱ्या हिशेबाने सव्वातीन वर्षांत. तरीही मी म्हणतो, घ्या. व्यापारी दारात आल्यावर ‘आज नाही द्यायचा’ असे म्हणता येते, त्याची किंमत या आकड्यांत कुठेच नाही. पण एकट्याने घेऊ नका आणि जाणकार मेस्त्री सोबत नेल्याशिवाय इसार देऊ नका. आज असे लिलाव एमएसटीसीमार्फत संगणकावर होतात. नोंदणी करून, अनामत भरून बोली लावता येते, माल आधी पाहता येतो. एकट्या शेतकऱ्याला ते जड जाते, गटाला जात नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येक तालुक्याने आपल्या गाडीचा, ट्रॉलीचा, बैलगाडीचासुद्धा पुरा हिशेब लिहून आणावा. घरच्या माणसाची मजुरी पहिल्या ओळीत लिहावी. आमच्या ट्रेलरचा कागद मी आज सोबत आणला आहे. ज्याला हवा त्याने उतरवून घ्यावा.