गोळीआधी रक्तदाब

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात दिवस रात्रीच सुरू होतो. गाड्या लागतात, माल उतरतो, पहाटे सौदे होतात आणि शहर चहा पीत असतं तेव्हा हमालाचं निम्मं काम उरकलेलं असतं. त्याच्या जोडीला तोलणार, टेम्पोवाले आणि गाळ्यावर तासन्‌तास बसून असणारे आडते. कामं निरनिराळी, पण अपुरी झोप, वेळीअवेळी खाणं आणि तंबाखू यांतून सुटलेला माणूस इथे विरळाच.

चाळिशी ओलांडली की यांतल्या काहींना एक तक्रार सुरू होते आणि ती बायकोशीही बोलता येत नाही. संबंधाच्या वेळी ताठरता येत नाही, आली तर टिकत नाही. मग भिंतीवरची जाहिरात, कुणा वैदूची पुडी, नाहीतर मेडिकलमध्ये हळू आवाजात मागितलेली गोळी.

या लाजेशी महाराष्ट्रात फार पूर्वीच झुंज दिली गेली आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरं दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर खटला चालला, तेव्हा त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरी आजही माणूस दवाखान्यात गुडघा दुखतो म्हणून जातो आणि मूळ दुखणं न सांगता परत येतो.

ते सांगायलाच हवं, कारण ताठरता हे मुळात रक्तपुरवठ्याचं काम आहे. उत्तेजना आली की नसांमधून आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, वाहिन्या सैल होतात, रक्त भरतं. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि तंबाखू नेमकं हे अस्तर खराब करतात. लिंगाची रक्तवाहिनी जेमतेम एक-दोन मिलिमीटरची, हृदयाची तीन-चार. नळ्या चोंदू लागल्या की बारीक नळी आधी बोलते. छातीत दुखण्याच्या दोन-चार वर्षं आधीच ही तक्रार दिसल्याची उदाहरणं डॉक्टरांना नेहमी भेटतात. म्हणून तिच्याकडे हृदयाने धाडलेली आगाऊ चिठ्ठी म्हणून बघावं.

“मी दिवसभर पोती उचलतो, मला कसलं बीपी?” हा समज धोक्याचा आहे. ओझ्याने स्नायू घट्ट होतात, पण रक्तदाब, साखर आणि तंबाखू यांच्यापासून त्याने संरक्षण मिळत नाही. आडत्याचं दुखणं वेगळं: सुटलेलं पोट, गोड चहाचे कप, चालणं जवळजवळ शून्य.

सुधारणा होते, हे आशेचं आहे. इटलीत लठ्ठ पण मधुमेह नसलेल्या ११० पुरुषांवर दोन वर्षं अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना आहार आणि व्यायामाचं नेटकं मार्गदर्शन मिळालं, त्यांच्यातल्या साधारण एक तृतीयांश जणांची ताठरता पूर्ववत झाली. उरलेल्यांना औषध लागलं तरी निरोगी शरीराला ते अधिक लागू पडतं. तेव्हा दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघावा, उपाशीपोटी साखर आणि चरबी तपासावी, कमरेचा घेर मोजावा. तिशीनंतर रक्तदाब-मधुमेहाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. तंबाखू सोडावी, दिवसा का होईना सलग झोप घ्यावी, रोज अर्धा तास दम लागेल असं चालावं. खाण्याचं म्हणाल तर हमाल पंचायतीने १९७४ सालापासून ‘कष्टाची भाकर’ ही खानावळ चालवली आहे. भाकरी-उसळीचं जेवण वडापावापेक्षा केव्हाही बरं. पालेभाजी तर यार्डात ढिगाने पडलेली असते.

सगळंच शरीराचं असतं असंही नाही. पहाटे ताठरता येत असेल आणि संबंधाच्या वेळीच जात असेल, तर कर्ज, भांडण, धास्ती यांचा वाटा मोठा असू शकतो. बीपीच्या काही गोळ्यांनीही हा त्रास होतो. त्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात.

आणि ती गोळी? सिल्डेनाफिल हे मुळात छातीच्या दुखण्यावर शोधायला घेतलेलं औषध. १९९८ साली ते बाजारात आलं. भारतात ते चिठ्ठीशिवाय विकायची परवानगी नाही, आणि त्याला कारण आहे. छातीत दुखल्यावर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्या माणसाने ही गोळी घेतली, तर रक्तदाब एकदम कोसळून जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांसमोर बसल्यावर खिशातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ठेवाव्यात.