पहिली आमरी

आमरी, म्हणजेच ऑर्किड, प्रथमच घरी आणणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की, सह्याद्रीतील ‘सीतेची वेणी’ या आमरीप्रमाणे तिच्या अनेक शोभिवंत जाती वृक्षांच्या खोडांवर, वाऱ्यात मुळे मोकळी सोडून वाढतात. परंतु आश्रयदात्या वृक्षाचा रस मात्र शोषीत नाहीत. म्हणून मातीऐवजी कोळसा, विटांचे तुकडे व नारळाचे सोडण भरलेली सच्छिद्र कुंडी तिच्यासाठी मुक्रर करावी आणि पूर्वेच्या खिडकीतील कोवळ्या उन्हाची तजवीज ठेवावी. मुळे हिरवी असता पाणी तहकूब ठेवावे. ती रुपेरी दिसू लागली की सकाळी द्यावे, मात्र पानांच्या बेचक्यात ते साचू देऊ नये. कारण घरची आमरी तहानेपेक्षा अतिस्नेहानेच अधिक दगावते.