चार कडू वचनं



अमरावती-अकोल्याच्या माणसाला भजन कसं ऐकावं हे सांगायला जाणं म्हणजे आगाऊपणाच. शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांचं कीर्तन आणि मोझरीच्या तुकडोजी महाराजांची खंजिरी यांवर इथल्या पिढ्यांचा कान तयार झालेला आहे. गाडगेबाबा समोर बसलेल्यांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर देता देता माणूस आपल्याच बोलण्यात सापडायचा. आज ज्या रचनेकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे, तिच्यातला गाणारा मात्र स्वतःची उलटतपासणी घ्यायला थेट देवालाच बोलावतो. बायबलमधलं हे 139वं स्तोत्र. आपल्या भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत ते वाचलं जातं. ख्रिस्ती नसलेल्यांनीही एक रचना म्हणून ते जरूर ऐकावं.

एकूण 24 वचनं. पहिली 18 फार सुंदर आहेत. माझं उठणं-बसणं तुला ठाऊक आहे, आकाशात चढलो की पाताळात उतरलो तरी तू तिथं आहेसच, अंधारही तुझ्यापुढे अंधार राहत नाही, आईच्या उदरात तूच मला घडवलंस, असं ते चढत जातं. ऐकणारा डोळे मिटून डोलू लागतो. आणि 19व्या वचनाला एकदम ठेच लागते. दुष्टांना मारून टाक, असं गाणारा देवाला म्हणतो. तुझा द्वेष करणाऱ्यांचा मी पुरेपूर द्वेष करतो, ते माझे वैरीच, म्हणतो. हे सलग चार वचनं चालतं. मग शेवटच्या दोन वचनांत सूर पुन्हा पालटतो: देवा, माझं मन तपास, माझ्यात काही वाईट वाट आहे का ते बघ.

ती मधली चार वचनं पुष्कळांना नकोशी वाटतात. कॅथलिक धर्मगुरूंच्या रोजच्या प्रार्थनाग्रंथातून 1971 साली ती वगळण्यात आली. इतक्या सुंदर स्तोत्राला हे गालबोट कशाला, अशी भावना असावी. माझं मत उलट आहे. ती काढली की रचनेचा कणाच मोडतो. पहिल्याच वचनात हा माणूस म्हणतो की तू मला तपासून ओळखलं आहेस. तपास झालेलाच असेल तर शेवटी पुन्हा तपासायची विनवणी का? कारण मधे त्याच्या तोंडून विष बाहेर पडलं आणि ते त्यानं स्वतःच ऐकलं. आधीचं तपासणं ऐकीव होतं, हे स्वतः मागितलेलं आहे.

आपल्याकडे धुऱ्यावरून दोन भाऊ भांडतात. पुढे पऱ्हाटी निघते, तूर निघते, बोलणं काही निघत नाही. विचारलं तर दोघंही सांगतात, ‘माह्या मनात काहीच नाही, तोच बोलत नाही.’ कडवटपणाची खोड अशी की तो स्वतःला न्याय समजतो. स्तोत्रातला माणूसही तेच करतो. आपला द्वेष तो देवाच्या खात्यावर टाकतो. तुझे वैरी म्हणून माझे वैरी! किती सोयीचं. पण तो राग गिळत नाही, साजूक शब्दांत गुंडाळत नाही. आहे तसा देवापुढे ओततो आणि मग म्हणतो, आता बघ. आणखी एक गंमत पाहा: वैऱ्याचं नाव त्यानं कुठंही घेतलेलं नाही. वाचणारा आपापलं नाव तिथं भरतो.

मनातलं न झाकणारा असा प्रामाणिकपणा मराठीत कुठं सापडेल? लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात. त्या नाशिककडच्या, वऱ्हाडातल्या नव्हेत, पण त्यांना आपल्यातच धरू. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि बाई कोसळल्या. काही वर्षं नवरा-बायकोचा विरह झाला. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ते सारं दुःख आणि नवऱ्याचा तापट, लहरी स्वभाव त्यांनी पुस्तकात झाकलेला नाही. तरी वाचताना जीभ कडू होत नाही, उलट हसू येतं. नवऱ्याला हसताना त्या स्वतःलाही सोडत नाहीत. तक्रार करणाऱ्याला हे जमत नाही. ज्यानं आपलं मन आधी उलटंपालटं करून पाहिलं आहे त्यालाच जमतं.

आता ऐकायचं कसं? बायबल हाती असेल तर स्तोत्र मोठ्यानं वाचा, मनातल्या मनात नको. 18व्या वचनापर्यंत आवाज आपोआप मऊ होईल. 19व्याला तो मऊ ठेवू नका, कडक होऊ द्या. भक्तीच्या सुरात द्वेष वाचला तर सगळंच खोटं वाटतं. 22व्यानंतर पूर्ण श्वास घ्या. या जागी घाई करणारे वाचक मी पुष्कळ ऐकले आहेत. रागातून विनवणीत ते असे घसरतात की वळण कळतच नाही. पुढच्या वेळी कुणी हे स्तोत्र वाचू लागलं, तर तो 22व्यानंतर थांबतो का, तेवढं बघा.