माघातील पेरणी आणि बाल्कनीतील बाग

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



ज्या घरांना एकेकाळी परस होते, परसात कढीलिंब होता, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली केळ होती, त्या घरांतील माणसे आज चौथ्या-पाचव्या मजल्यावर राहतात. परसाची जागा आठ फूट लांब व तीन फूट रुंद अशा बाल्कनीने घेतली आहे. तेथे एक तुळस, कपडे वाळविण्याची दोरी आणि अडगळीचे दोन डबे, एवढाच संसार बहुधा दिसतो. त्याच वेळी घरात येणारी मेथीची जुडी कोणत्या पाण्यावर वाढली आणि तिच्यावर कोणत्या औषधाची फवारणी झाली, याची चिंता प्रत्येक गृहिणीच्या मनात असते. या चिंतेचे लहानसे, परंतु खरे उत्तर या चोवीस चौरस फुटांत देता येते. अट एकच: पेरणी वेळेवर व्हावी.

वेळेचे महत्त्व प्रथम पाहू. पुण्यासारख्या शहरात जानेवारीच्या पहाटे पारा 10-12 अंशांपर्यंत उतरतो, तर मार्चच्या उत्तरार्धात दुपारी तो 36 अंशांच्या पुढे जातो. या दोन टोकांमधील माघ महिना हा पेरणीचा खरा संधिकाल होय. मेथी, पालक, कोथिंबीर यांना थंडी मानवते. ऊन वाढताच ती कोवळेपणा सोडून तुरा धरतात. उलट भेंडी, काकडी, दोडका यांचे बी थंड मातीत निपचित पडून राहते व पुष्कळदा कुजते. म्हणून पहिला वर्ग उशिरा पेरून चालत नाही आणि दुसरा वर्ग घाईने पेरून उपयोग होत नाही.

येथे पंचांगातील एक हिशोब ध्यानात घेण्यासारखा आहे. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेतील अनेक घरांत फाल्गुन चौमासीपासून, म्हणजे फाल्गुन शुद्ध चतुर्दशीपासून, कार्तिकापर्यंत पालेभाजी वर्ज्य असते. वसंत पंचमी ही माघ शुद्ध पंचमी. तेथून फाल्गुन शुद्ध चतुर्दशीपर्यंत साधारण 38-39 दिवस मिळतात. मेथी 25 ते 30 दिवसांत आणि पालक 30 ते 35 दिवसांत काढणीस येतो. म्हणजे वसंत पंचमीला पेरलेली पालेभाजी नियम सुरू होण्यापूर्वी ताटात येते. कोथिंबिरीला मात्र 40 ते 45 दिवस लागतात. तिचे धणे मकर संक्रांतीलाच पेरलेले बरे. ज्या घरांत हा नियम नाही त्यांनाही हेच वेळापत्रक उपयोगी आहे, कारण चौमासी आणि चैत्राचे ऊन यांत फारसे अंतर नसते.

आता जागेचा विचार. मकर संक्रमणानंतर सूर्य दिवसेंदिवस उत्तरेकडे सरकतो आणि पुण्याच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यास तो दुपारी बरोबर डोक्यावर येतो. याचा परिणाम दक्षिणाभिमुख बाल्कनीत स्पष्ट दिसतो. फेब्रुवारीत ऊन थेट भिंतीपर्यंत पोहोचते. एप्रिलच्या मध्यास वरच्या स्लॅबची सावली वाढून दुपारचे ऊन कठड्यापासून जेमतेम दीड फूट आत येते. म्हणून माघातील पालेभाजी भिंतीलगत ठेवली तरी चालते, पण उन्हाळी फळभाजी कठड्याजवळ हवी. पूर्वेची बाल्कनी सकाळच्या सौम्य उन्हामुळे सर्वांत सोयीची. पश्चिमेकडे एप्रिलच्या दुपारी जुन्या मलमलीच्या साडीचा आडोसा करावा लागतो. उत्तरेच्या बाल्कनीत या दिवसांत थेट ऊन येत नाही. तेथे पुदिन्यावर समाधान मानावे.

कठड्याजवळ कुंड्या ठेवायच्या म्हणजे वजनाचा प्रश्न आलाच. पंधरा लिटरच्या बादलीभर ओल्या मातीचे वजन सुमारे 25 किलो भरते. अशा दहा बादल्या म्हणजे अडीचशे किलो! तेव्हा नुसती माती भरणे टाळावे. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून पालापाचोळ्यापासून सुपीक माती घडविण्याचा मार्ग दाखविला. मुंबईचे डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवरील शेतीसाठी उसाच्या चिपाडाचा उपयोग केला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर 2002 पासून स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याच्या खतावर बाग उभी राहिली. या सर्व प्रयोगांचे सार असे की, हलके व सेंद्रिय द्रव्य अधिक आणि माती कमी.

घरगुती प्रमाण सोपे आहे: एक भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले खत आणि एक भाग वाळलेली पाने, चिपाड किंवा नारळाचा भुसा. याच दिवसांत पानगळ असते आणि रसवंतीगृहेही सुरू होऊ लागतात, त्यामुळे पाने व चिपाड दोन्ही सहज मिळतात. चिपाड मात्र धुऊन कडकडीत वाळवून घ्यावे. त्यातील गोडवा राहिला तर मुंग्यांची रांग लागते. पालेभाजीला सहा इंच खोलीचा फळांचा क्रेट पुरतो. भेंडी, मिरची व वेलभाज्यांना किमान बारा इंच खोलीची कुंडी किंवा तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा लागतो. तळाला भोके हवीत. कुंडी कठड्याच्या आत, जमिनीवर ठेवावी; कठड्यावर टांगलेली कुंडी खालच्या माणसाला धोक्याची असते.

बियाण्याच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. दुकानातील पाकिटातील बी गुलाबी, निळे किंवा हिरवे रंगविलेले दिसले, तर ते बहुधा बुरशीनाशक औषध लावलेले असते. अशा बियाण्याने सेंद्रिय बागेचा आरंभ करणे विसंगत ठरेल. मेथी व धणे तर घरच्या डब्यातलेच चालतात. गावठी वाणांचे मोल अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांच्या बियाणे बँकेने महाराष्ट्राला पटवून दिले. त्यांच्या या कार्याचा 2020 मध्ये पद्मश्रीने गौरव झाला. गावठी वाणाचे एक फळ वेलावरच पिकू दिले, तर पुढील वर्षाचे बी घरात तयार होते.

प्रत्यक्ष पेरणीची रीत अशी. मेथी रात्रभर भिजवून ओल्या मांजरपाटाच्या फडक्यात बांधावी. दुसऱ्या दिवशी मोड डोकावू लागताच पेरावी. धणे चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून त्यांच्या दोन डाळी कराव्यात. ते उगवण्यास आठ ते बारा दिवस घेतात, म्हणून धीर सोडू नये. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोलीपेक्षा अधिक खोल जाऊ नये. मेथी उपटू नये, कात्रीने कापावी. ती द्विदल वर्गातील असल्याने तिच्या मुळांवर नत्राच्या गाठी असतात. मुळे मातीतच राहिली की पुढील पिकाला तेच खत होते.

हे पुढील पीक माघी पौर्णिमेच्या सुमारास वेगळे सुरू करावे. काकडी, कारले व दोडका यांच्या मुळांना धक्का सोसत नाही. म्हणून त्यांचे बी कागदी द्रोणात टोकावे आणि दोन-तीन खरी पाने फुटल्यावर द्रोणासह मोठ्या कुंडीत लावावे. भेंडीचे बी भिजवून थेट कुंडीत टोकावे. 45 ते 50 दिवसांत पहिली भेंडी मिळते. टोमॅटोचा मोह या दिवसांत आवरावा. त्याचे रोप आता बियांपासून केले, तर फुलोरा एप्रिलच्या झळांत सापडतो आणि फुले गळतात. मिरची मात्र तग धरते. मोगऱ्याची छाटणी माघातच उरकावी, म्हणजे चैत्रात कळ्या येतात. कढीलिंबाचे शेंडेही याच वेळी खुडावेत. आले, हळद, बटाटा, कांदा ही नावे या यादीत का नाहीत, हे या सभागृहात सांगण्याची आवश्यकता नाही.

वरच्या मजल्यांवर मधमाश्या कमी येतात. वेलांना फुले येऊनही फळ धरत नसेल, तर नरफुलाचा पराग मादीफुलाला हाताने लावावा. काकडी व कारल्याचे फूल सकाळी उमलते, दोडक्याचे सायंकाळी. मादीफुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते, ही त्याची खूण. घरातील नातवंडांना हे काम सोपवावे. वनस्पतिशास्त्राचा एक धडा आपोआप होतो.

पाणी माघात एकदा, सकाळी. बोट एक इंच मातीत घालून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. मार्चअखेरीस दोन वेळा द्यावे आणि मातीवर वाळल्या पानांचे आच्छादन ठेवावे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नये, कारण तेथे डासांची उत्पत्ती होते. आधी डास होऊ द्यायचे आणि मग त्यांना मारण्याचा उपाय शोधायचा, हा क्रम गृहस्थाला शोभत नाही.

येथे या विषयाच्या मर्माशी येऊन पोहोचतो. ‘सेंद्रिय’ हा शब्द आज प्रतिष्ठित झाला आहे. परंतु सेंद्रिय म्हणजे अहिंसक, असे समीकरण मांडणे योग्य नाही. निंबोळी अर्क वनस्पतिजन्य आहे, तरी त्यातील अझाडिरॅक्टिन किडीची भूक मारते व तिची कात टाकण्याची प्रक्रिया बिघडविते. साबणाच्या पाण्याने मावा मरतो. विषारी औषध टाळले म्हणून जीव वाचला, असे होत नाही. जैन आचारशास्त्राने गृहस्थासाठी संकल्पी हिंसा त्याज्य मानली आणि घरगुती व्यवहारातील आरंभी हिंसा यत्नपूर्वक कमी करण्यास सांगितले. बाल्कनीतील बागेलाही हाच दंडक लावावा लागतो.

या यत्नाची सुरुवात पेरणीच्या दिवशी होते. दाटीने वाढलेल्या आणि अतिखताने लुसलुशीत झालेल्या रोपांवर मावा लवकर येतो. उशिरा पेरलेल्या कोथिंबिरीला फुलोरा येताच त्यावर मावा गर्दी करतो. उन्हाने व तहानेने कोमेजलेल्या वेलावर लाल कोळी पसरतो. वेळेवर पेरलेले, विरळ ठेवलेले आणि वेळीच काढून घेतलेले पीक यांपैकी पुष्कळ संकटे टाळते. तरीही कीड दिसलीच, तर ते पान अलगद तोडून इमारतीच्या आवारातील झाडाखाली ठेवावे. चित्रांग भुंगेरे म्हणजे लेडीबर्ड दिसल्यास बागेत हात घालू नये. आणि एखादे रोप फारच ग्रासले, तर ते त्या किडीचेच मानून सोडून द्यावे. आठ रोपांपैकी एक गेले, तर व्यापारात ती घट मान्यच असते.

खताच्या टोपलीबाबतही असाच विवेक हवा. तीत असंख्य जीव उत्पन्न होतात. ती उन्हात पसरणे किंवा तीत गरम पाणी ओतणे टाळावे. ज्यांच्या नियमात ओल्या कचऱ्याचे खत बसत नाही, त्यांनी केवळ वाळल्या पानांचे खत वापरावे. त्यांच्या नियमाचा इतरांनी आदर करावा.

शेवटी जमाखर्च. चोवीस चौरस फुटांत कुटुंबाची भाजी पिकत नाही आणि कुंड्या, माती, खत यांचा खर्च पहिल्या वर्षी भाजीच्या किमतीतून वसूल होत नाही. हे आधीच स्पष्ट असलेले बरे, म्हणजे निराशा पदरी येत नाही. जमेची बाजू वेगळी आहे. जे कुटुंब मेथीची एक जुडी 28 दिवस वाढताना पाहते, ते ताटात पान टाकत नाही. आणि एका वेलावरील किडीशी कसे वागावे याचा विचार ज्या घरात एकदा झाला, त्या घरातील मुलांना जीवदयेचा अर्थ पुस्तकातून शिकवावा लागत नाही.

येत्या वसंत पंचमीला प्रत्येक घराने एकच क्रेट, एक मूठ मेथी आणि पाचोळ्याची एक पिशवी, एवढ्यावर आरंभ करावा. त्याला यश आले, तर माघी पौर्णिमेला दोन द्रोण काकडीचे लावावेत. फाल्गुन चौमासीच्या आधी त्या क्रेटमधील मेथी साधर्मिक शेजाऱ्याच्या घरीही थोडी पोहोचावी, ही नम्र विनंती.

जय जिनेंद्र.