जामीन राहताना

मोठे निर्णय माणसाच्या आयुष्यात थोडे येतात, आणि येतात तेव्हा सल्ला द्यावयास दहा माणसे धावून येतात. खरी पंचाईत होते ती लहान निर्णयांत. दिवेलागणीच्या सुमारास एखादा नातलग किंवा कचेरीतला सोबती दारी येतो, चहा होतो, इकडच्या तिकडच्या गोष्टी होतात, आणि मग खिशातून घडी घातलेला कागद बाहेर निघतो. पतपेढीचे कर्ज मंजूर झाले आहे, एक जामीन तेवढा कमी पडतो. नुसती सही तर करावयाची! या एका सहीविषयी ख्रिस्ती गृहस्थाने विचार कसा करावा, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे.

ही ‘नुसती सही’ म्हणजे काय, ते आधी पाहू. आपल्याकडे १८७२ सालचा कराराचा कायदा आजही चालू आहे. त्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे, करारात निराळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. धनकोने प्रथम ऋणकोच्या मागे लागावे आणि तेथे काही न मिळाले तरच आपल्याकडे यावे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. तो सरळ आपल्या दारी येऊ शकतो. आपण भरलेला पैसा ऋणकोकडून परत मागण्याचा हक्क कायदा देतो खरा. पण ज्याने पतपेढीला दिले नाही, तो आपणांस कोठून देणार?

शिक्षकांच्या खोलीत असे कागद फिरताना मी पुष्कळ पाहिले. माझ्या एका सोबत्याने ज्याच्यासाठी सही केली होती तो नोकरी सोडून गेला, आणि याच्या पगारातून दरमहा कपात होऊ लागली. पैशाचे दुःख त्याने कसेबसे सोसले. परंतु सहीची गोष्ट त्याने घरी सांगितलेली नव्हती. पत्नीला ती कळली पगार कमी आला तेव्हा. त्या घरातला अबोला कर्ज फिटल्यावरही बरेच दिवस टिकला.

आता शास्त्राकडे वळू. नीतिसूत्रांच्या ग्रंथाने या बाबतीत मुळीच भीड ठेवलेली नाही. दुसऱ्याच्या कर्जाला हात देणाऱ्याला तो एकदा नव्हे, अनेकदा सावध करतो. फेडावयास जवळ काही नसेल तर अंगाखालचे अंथरूणही जाईल, असे बाविसाव्या अध्यायात बजावतो. एवढ्यावरच थांबावयाचे तर प्रश्न सोपा झाला असता. पण त्याच पवित्र शास्त्रात यहूदा आपला धाकटा भाऊ बन्यामीन याच्यासाठी बापापाशी जामीन राहतो, आणि प्रसंग येताच त्याच्या जागी स्वतः दास होण्यास पुढे होतो. पौल फिलेमोनाला लिहितो की, अनेसिमाचे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड. आणि ते स्वतःच्या हाताने लिहितो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर प्रभू येशूलाच उत्तम कराराचा जामीन म्हटले आहे.

मग विरोध आहे काय? मला तसे वाटत नाही. यहूदाला आणि पौलाला आपण काय पत्करीत आहोत हे पुरते ठाऊक होते, आणि भरण्याची त्यांची तयारी होती. नीतिसूत्रे ज्याला हसतात तो मनुष्य प्रेमळ नसून भिडस्त आहे. भीड आणि प्रीती यांत पुष्कळदा आपण घोटाळा करतो. आपल्या मंडळ्यांतून तर फारच, कारण ‘नाही’ म्हणणे अख्रिस्ती आहे अशी एक खुळी कल्पना रूढ आहे. होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही असावे, असे सांगणाऱ्या गुरूचे आपण शिष्य, हे तेव्हा आठवत नाही.

बुरूज बांधावयास निघालेल्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूने लूकच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. त्यातला ‘बसून’ हा शब्द मला मोलाचा वाटतो. दारात उभ्याने सही करू नये. रात्र जाऊ द्यावी, प्रार्थना करावी, आणि घरच्या माणसाला विचारावे. संपूर्ण रक्कम उद्या आपल्यावर आली तर मुलांची फी, औषधपाणी, घरभाडे यांतले काय बुडेल, ते कागदावर मांडावे. इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात एक युक्ती दिली आहे: ज्याला कधी पाहिलेही नाही असा मनुष्य हाच प्रश्न घेऊन आला, तर त्याच्या हिताचे म्हणून आपण काय सांगू, ते पाहावे व तसे स्वतः वागावे. भिडेवर यापरता उतारा माझ्या पाहण्यात नाही.

हिशेब जमला तर मोकळ्या मनाने सही करावी. न जमला तर, “दादा, एवढ्या रकमेला मी पुरा पडणार नाही, पण माझ्याजवळचे हे पाच हजार घ्या, परत नाही आले तरी चालतील,” असे सांगता येते. उसने मागणाऱ्याला पाठमोरे होऊ नये, ही आज्ञा यात मोडत नाही.

ज्यांनी सही आधीच केली आहे त्यांना नीतिसूत्रांचा सहावा अध्याय सांगतो की झोप घेऊ नका, जाऊन त्या माणसाची मनधरणी करा. कर्ज उचलल्यावर एकतर्फी अंग काढून घेणे बहुधा शक्य नसते. तेव्हा पतपेढीत जाऊन किती हप्ते थकले आहेत ते लेखी मागावे, आणि ऋणकोच्या घरी त्याच आठवड्यात जाऊन यावे.