पाकिटावर नाव कोणाचं?
(वडनेर भोलजी येथील बचतगटांच्या बैठकीत केलेले भाषण)



मघाशी एका ताईंनी पापडाचं पाकीट माझ्या हातात दिलं. पापड तुम्ही लाटलेले, नाव मात्र व्यापाऱ्याचं. "त्यानंच फुकट छापून दिलं," असं त्या म्हणाल्या. फुकट कसलं? उद्या त्यानं दुसरीकडून पापड घेतले, तरी गिऱ्हाईक त्याच पाकिटाला हात घालणार.

लिज्जतच्या बाया आठवा. १९५९ साली मुंबईत, गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. 'लिज्जत' हे नाव १९६२ मध्ये आलं, तेही स्पर्धा घेऊन. बक्षीस होतं ५ रुपये! म्हणजे आधी तीन वर्षं चव सांभाळली, नाव मागाहून. आणि ते नाव सभासद बहिणींच्या संस्थेचं राहिलं, कुणा शेटजीचं झालं नाही.

बोधचिन्ह शहरातल्या कलाकाराकडून काढून घ्या. पैसे द्या (काढणारी बाई असली तर तिलाही, नुसत्या कौतुकावर भागवू नका), पण चित्राचे हक्क लेखी घ्या. मग व्यापारचिन्ह नोंदवा. लघुउद्योगाचं प्रमाणपत्र असेल तर ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये लागतात. नोंदणी १० वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण करता येतं.

खरं भांडण अर्जदाराच्या नावावरून होईल. "आमचे मालक म्हणतात, माझ्या नावावर करू," असं दोघी आत्ताच कुजबुजल्या. नको. गटाची संस्था रीतसर नोंदवा, तिच्या नावावर करा.

हे पाकीट परत घ्या, ताई. पुढच्या बैठकीला कोऱ्या कागदावर तुम्हाला सुचेल ते नाव लिहून आणा.